ढेकूळ चाललं

चिमठाण्याच्या पुढे बुराई ओलांडली
की माळ सुरू होतो, म्हणजे
बघण्यासारखं संपतं,
असं आमच्या दवाखान्यातले साहेब म्हणतात.

मी पशुगणनेला आलेले.
टॅबमध्ये रकाने : मेंढी, शेळी, घोडं, कुत्रं.
ठेलाऱ्यांचा डेरा अजून चूल पेटवत होता
आणि माझ्या चपलेपासून आठ हातांवर
एक ढेकूळ चाललं.

थांबलं की ढेकूळ.
चाललं की पक्षी.

दुर्बीण नवऱ्याची, एक काच चिरलेली.
चिऱ्याच्या डावीकडून पाहिलं :
चिमणीएवढा, पण चिमणी नव्हे.
चिमणी टुणटुणते, हा चालतो,
पावलापुढे पाऊल टाकत,
उशीर झालेल्या तलाठ्यासारखा.
तुरा? नाही. किंवा दाबून ठेवलेला.
तिरचिमणी म्हणावी तर ती शेपूट हलवत राहते,
ह्याचं शेपूट गप्प.
पोट काळं असतं तर डोंबारी म्हणून मोकळी झाले असते,
पण डोंबाऱ्याची मादीही अशीच मातकट.
तिला ओळखायचं ते जोडीच्या नरावरून,
असं पुस्तकात आहे.
मला ते वाक्य आवडत नाही.

"काय दखी राहिनी, ताई?"
मागे म्हातारा, खांद्यावर घोंगडी, काठी आडवी.
मी बोट केलं.
त्याने बोटाकडे पाहिलंच नाही,
माझ्या पायांकडे पाहिलं.
"तठेच उभी राह्य. पाय नको टाकू."

काठीच्या टोकाशी, कुसळीच्या थोंबाखाली
बांगडीएवढा खळगा.
एका बाजूने बारके खडे रचून घातलेला बांध,
आत तीन अंडी.
तीन म्हणते, पण आधी चार मोजली होती.
एक खडा निघाला.

गेले आठ दिवस तो कळप इकडून नेत नाही.
एकशे त्र्याऐंशी मेंढ्या
म्हणजे सातशे बत्तीस खूर,
आणि एवढ्याशा वाटीला वळसा.

"नाव काय म्हणता हिचं तुम्ही?"
"नाव काय ठेवानं? भुईनी शे ती.
मनी शिट्टी चोरी लेस."
त्याने शिट्टी घातली. उत्तर आलं नाही.
त्याचं कुत्रं मात्र शिंकलं
आणि ढेकूळ उडालं.

एक क्षण शेपूट उघडलं :
भट्टीतून आत्ता काढलेल्या विटेचा रंग,
टोकाला काळी पट्टी. मिटलं.

"मुरारी!" मी ओरडले.
एवढी तर नोकरीचं पत्र आलं तेव्हाही ओरडले नव्हते.
म्हाताऱ्याने डेऱ्याकडे वळून पाहिलं.
"कोठे शे मुरारी? मुरारी ते मना साडू."

मग चहा झाला, शेळीच्या दुधाचा.
टॅब उघडला. शेळ्या अकरा, घोडी दोन.
मालकाचं नाव?
"धुडकू."
धुडकं म्हणजे चिंधी.
त्याच्या आधीची तिघं देवांच्या नावांची,
एकानेही वर्ष काढलं नाही.
चौथा झाला तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर लोळवून उचलला
आणि चारचौघांत म्हणाली, हे काय, धुडकं आहे.
ऐकणारा जो कोणी होता
तो पुढच्या दाराला गेला असावा.
चौऱ्याहत्तर वर्षं झाली.

वरून शिक्रा गेला.
तिकडे माळावर काहीच हललं नाही.

रात्री घरी पुस्तक काढलं.
आता पट्टी काळीच होती का,
की दुर्बिणीच्या चिऱ्याची सावली, सांगता येईना.
मुरारीच्या पानावर पेन्सिलीने तारीख घातली,
पुढे प्रश्नचिन्ह.
जागा : चिमठाण्याजवळचा माळ.
कोणी दाखवला :
पेन्सिलीचं टोक तुटलं म्हणून पेन घेतलं,
धुडकू मारनर, असं ठळक लिहिलं,
खाली रेघसुद्धा ओढली

आणि हात तिथेच राहिला.
एवढं ठळक नको होतं.